सामायिक संगणकावरील न्याय्य वाटा

मोठ्या संशोधनसंस्थेंतील एखादा विद्यार्थी रात्रीं आपलें गणिताचें काम सामायिक संगणकाकडे सोपवितो आणि सकाळीं येऊन पाहतो, तों तें अजून रांगेंतच पडलेलें असतें. एवढ्यानें त्याचें समाधान ढळलें नसतें. पण चौकशी करतां त्यास कळतें कीं, आपल्यामागून सहा तासांनीं आलेलें शेजारच्या विभागाचें एक काम केव्हांच सुरू होऊन संपलेंहि. मागाहून आलेल्यानें पुढें जावें, आणि तें जाणें नियमाला धरून असावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं कोणालाहि रुचत नाहीं. तिकिटाच्या खिडकीपाशीं असें घडलें, तर चार माणसें तत्काळ आवाज उठवितील. मग ज्या यंत्रांवर हवामानाचीं, औषधद्रव्यांचीं आणि ताऱ्यांचीं गणितें सोडविलीं जातात, तेथें हा नियम जाणूनबुजून कां घातला गेला असावा? या नियमाचें इंग्रजी नांव ‘फेअरशेअर’ असें आहे. मराठींत त्यास ‘न्याय्य वाटा’ म्हणतां येईल.

ज्याला ‘क्लस्टर’ म्हणतात तो एकच प्रचंड संगणक नसतो. शेंकडों, कधीं हजारों संगणक वेगवान तारांनीं एकमेकांस जोडून हा समूह बनतो, आणि प्रत्येक संगणकांत हिशेब करणारे अनेक घटक, म्हणजे ‘कोअर’, असतात. पुण्याला या विषयाचें विशेष अगत्य वाटावें असें आहे. कारण १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक तेथील सी-डॅक या संस्थेनें घडविला. पुढें पुण्याच्याच आयसर संस्थेंत ‘परम ब्रह्म’ आला, आणि २०२४ च्या सप्टेंबरांत नारायणगांवजवळच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांसाठीं ‘परम रुद्र’ मालिकेंतील एक यंत्र राष्ट्राला अर्पण झालें. अशीं यंत्रें कोणा एकाच्या मालकीचीं ठेवणें परवडत नाहीं. तीं अनेकांनीं मिळून वापरावयाचीं असतात, आणि अनेकांनीं मिळून वापरावयाची वस्तु म्हटली कीं, कोणीं आधीं आणि किती, हा प्रश्न आलाच. या प्रश्नाचें उत्तर क्षणोक्षणीं देणारी एक आज्ञावली समूहावर अखंड चालूं असते. तिला ‘शेड्यूलर’ म्हणतात. येथें तिला नियोजक म्हणूं.

जो प्रथम येईल त्यास प्रथम द्यावें, हा सर्वांत सोपा न्याय. पण तो नेहमीं न्याय ठरतोच असें नाहीं. पिठाच्या गिरणीचेंच उदाहरण घ्या. संध्याकाळीं पांचपंचवीस घरचे डबे ओळीनें लागलेले आहेत, आणि त्यांच्या पुढें लग्नघरचा मनुष्य दुपारींच येऊन वीस पोतीं लावून गेला आहे. क्रम मोडावयाचा नाहीं असें ठरविलें, तर त्या रात्रीं पंचवीस घरांत भाकरी होणार नाहीं. उद्यां तोच मनुष्य पुन्हां लवकर येऊन वीस पोतीं लावील, तर परवांहि होणार नाहीं. शहाणा गिरणीवाला अशा वेळीं मनांत एक हिशेब ठेवतो : या घरचें या आठवड्यांत पुष्कळ दळून झालें आहे, त्या बाईंचा डबा मात्र आज कित्येक दिवसांनीं आला आहे, तेव्हां तो आधीं घ्यावा. फेअरशेअर म्हणजे गिरणीवाल्याच्या मनांतला हाच हिशेब, आंकड्यांत मांडलेला.

आंकड्यांत मांडण्याचें हें काम फार जुनें नाहीं. एकाच संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावयाचें अशी व्यवस्था रूढ झाली, तेव्हां ‘युनिक्स’ या प्रसिद्ध प्रणालींतील नियोजक प्रत्येक चालूं कामाला सारखीच वागणूक देत असे. वरवर पाहतां हें समतेचें तत्त्व. परंतु त्यांत एक मेख होती. ज्यानें एक काम चालविलें त्यास एक भाग, आणि ज्यानें युक्तीनें दहा कामें एकदम चालविलीं त्यास दहा भाग! कामांत समता होती, माणसांत नव्हती. १९८४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकांत जी. जे. हेन्री यांनीं ‘फेअर शेअर शेड्यूलर’ या नांवाचा लेख लिहून गटागटांत यंत्राची वांटणी करण्याची रीत सांगितली. पुढें ऑस्ट्रेलियांतील सिडनी विद्यापीठांत जूडी के आणि पियर्स लॉडर यांनीं हाच विचार अधिक खोल नेला. त्यांचा निबंध जानेवारी १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांचें म्हणणें असें कीं, नियोजकानें कामांची नव्हे, तर माणसांची व्यवस्था लावावी. प्रत्येकाचा वाटा आधीं ठरवावा. त्यानें किती वापर केला तें नोंदवावें. आणि जो आपल्या वाट्याच्या पुढें गेला असेल त्याची गति कमी होऊं द्यावी. विद्यापीठांत ठराविक तारखेस विद्यार्थ्यांचीं कामें द्यावयाचीं असतात आणि त्या तारखेच्या आदल्या रात्रीं सारे एकदम यंत्रावर तुटून पडतात, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास या कल्पनेची गरज वेगळी पटवून द्यावी लागणार नाहीं.

या रीतींत सर्वांत मनोरम भाग आहे तो स्मृतीचा. नियोजकापाशीं एक वही असते. कोणीं किती कोअर किती तास अडविले, तें तींत चढत जातें. पण ही वही सावकाराच्या वहीसारखी जन्मभर जुनी बाकी उगाळीत बसत नाहीं. रेडियमसारखें द्रव्य जसें ठराविक काळांत निम्में होतें, तसा या वहींतील जुना वापर ठराविक मुदतींत निम्मा मोजला जातो. या मुदतीस ‘अर्धायुकाल’ म्हणावें. आज जगांतील पुष्कळ समूहांवर ‘स्लर्म’ नांवाचा नियोजक चालतो. हा अमेरिकेंतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेंत जन्मला आणि २००२ च्या सुमारास बाहेर आला. आपल्याकडील परम यंत्रांवरहि तोच आहे. त्यांत व्यवस्थापकानें कांहीं वेगळें सांगितलें नाहीं, तर हा अर्धायुकाल ७ दिवसांचा धरला जातो. एखाद्या विभागानें आज १,००,००० कोअर-तास खर्च केले, तर आठवड्यानें ते ५०,००० मानले जातील, दोन आठवड्यांनीं २५,०००, आणि चार आठवड्यांनीं अवघे ६,२५०.

आतां या वहीवरून अग्रक्रम कसा निघतो तें पाहूं. स्लर्मच्या जुन्या रीतींत एक सुटसुटीत सूत्र होतें. एखाद्यानें केलेला वापर त्याच्या वाट्याच्या किती पट आहे तें काढावयाचें, आणि तितक्या वेळां १ या संख्येचें निम्में करावयाचें. ज्यानें कांहींच वापरलें नाहीं त्याचा गुणांक १. ज्यानें आपल्या वाट्याइतकेंच वापरलें त्याचा ०.५. ज्यानें दुप्पट वापरलें त्याचा ०.२५, आणि ज्यानें निम्मेंच वापरलें त्याचा सुमारें ०.७१. समजा, पदार्थविज्ञान आणि रसायन या दोन्ही विभागांचा वाटा एकूण यंत्राच्या चौथाई इतका आहे. पदार्थविज्ञानानें अलीकडे निम्में यंत्र खाल्लें, आणि रसायनानें केवळ आठवा हिस्सा घेतला. तर पहिल्याचा गुणांक ०.२५ आणि दुसऱ्याचा ०.७१ होईल.

परंतु अग्रक्रम एकट्या या गुणांकावर ठरत नाहीं. काम किती काळ रांगेंत आहे, तें केवढें आहे, कोणत्या विशेष वर्गांतील आहे, यांचेहि गुणांक असतात. प्रत्येकाला व्यवस्थापकानें नेमून दिलेलें एक वजन असतें. आणि त्या सर्वांची बेरीज म्हणजे त्या कामाचा अग्रक्रम. न्याय्य वाट्याचें वजन १०,००० आणि प्रतीक्षेचें वजन १,००० ठेवलें आहे, आणि प्रतीक्षेचे पुरे गुण ७ दिवसांनीं मिळतात, असें धरूं. आरंभीं सांगितलेला विद्यार्थी जर पदार्थविज्ञानाचा असेल, तर त्याला वाट्याबद्दल २,५०० आणि सहा तास थांबल्याबद्दल जेमतेम ३६ गुण मिळतील. रसायनांतील नवागताला आल्याआल्याच ७,१०० मिळतात. इतकेंच नव्हे, तर विद्यार्थी पुरा आठवडा थांबला तरी ३,५०० च्या वर जाणार नाहीं. रसायनाचें प्रत्येक नवें काम त्याच्या डोक्यावरून पुढें जाईल. आतां प्रतीक्षेचें वजनहि १०,००० केलें, तर चित्र पालटतें. तोच विद्यार्थी सुमारें सव्वातीन दिवसांत त्या वेळीं येणाऱ्या नव्या कामांची बरोबरी करील. यंत्र तेंच, माणसें तींच, वापरहि तोच. एका आंकड्यानें मात्र विद्यार्थ्याचा आठवडा वांचला. म्हणून संगणक निःपक्षपाती आहे असें सांगून जे व्यवस्थापक हात झटकतात, त्यांचें म्हणणें अर्धेंच खरें मानावें. संगणक निःपक्षपाती असतो, हें खरें. परंतु तीं वजनें कोणा माणसानेंच ठेवलेलीं असतात.

येथें दोन गैरसमज दूर केलेले बरे. पहिला असा कीं, वाटा संपला म्हणजे यंत्राचें दार बंद झालें. फेअरशेअरमध्यें तसें नसतें. यंत्र रिकामें असेल, तर वाट्याच्या चौपट वापर केलेल्या मनुष्याचेंहि काम त्याच क्षणीं सुरू होतें. कारण ज्याच्याशीं तुलना करावयाची असा दुसरा कोणी रांगेंत नसतो. अग्रक्रमाला अर्थ येतो तो गर्दींतच. ठराविक तास वांटून देऊन ते संपल्यावर काम बंद पाडणारी शिधावाटपासारखी रीतहि कांहीं संस्थांत आहे. पण ती निराळी. तींत कधीं कधीं यंत्र मोकळें पडतें आणि माणसें उपाशी राहतात.

दुसरा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. पुष्कळांना वाटतें कीं, स्वस्थ बसलें म्हणजे आपला अग्रक्रम आपोआप वाढतो. वहींतील आंकडे निम्मे होतात, ही गोष्ट खरी. पण ते सर्वांचेच निम्मे होतात. दिवाळीच्या सुटींत साऱ्यांनींच आठवडाभर कामें बंद ठेवलीं, तर सर्वांचे वापर निम्मे होतील आणि परस्परांतील प्रमाण जसेंच्या तसें राहील. सुटी संपल्यावर पदार्थविज्ञानाचा गुणांक पुन्हां ०.२५ च! तो सुधारतो तो इतरांनीं यंत्र वापरलें तरच. तसेंच, न वापरलेला वाटा कोठें पेढींत सांठत नाहीं. सहा महिने यंत्राला न शिवलेला मनुष्य आणि वर्षभर न शिवलेला मनुष्य यांच्या गुणांकांत नांव घेण्यासारखें अंतर नसतें. दोघेहि १ च्या अगदीं जवळ असतात, आणि त्याच्या वर कोणालाच जातां येत नाहीं.

आतां घरांतल्या घरांतील तंट्याकडे वळूं. वाटे बहुधा एकेकट्या माणसांना दिलेले नसतात. संस्थेचा वाटा विभागांत, विभागाचा प्राध्यापकांच्या गटांत, आणि गटाचा त्यांतील विद्यार्थ्यांत, असा तो झाडाच्या फांद्यांसारखा फुटत जातो. एकत्र कुटुंबांत एका भावानें कर्ज काढावें आणि त्याचा बोजा सर्वांवर बसावा, तशी गोष्ट येथें घडते. गटांतील एकानें महिनाभर यंत्र राबविलें, तर त्याच गटांत काल आलेल्या, एकहि काम न केलेल्या मुलाला त्याची झळ लागते. ही झळ कितपत लागावी, याविषयीं बराच खल झाला. जुन्या सूत्रांत याचे विचित्र परिणाम दिसत. एखाद्या काटकसरी गटांतील मेहनती विद्यार्थी, उधळ्या गटांतील आळशी विद्यार्थ्याच्याहि मागें पडे. तेव्हां गटानें राखलेल्या संयमाचा लाभ त्या गटांतील माणसांना कोठें मिळाला? अमेरिकेंतील ब्रिगहम यंग विद्यापीठांतून यावर ‘फेअर ट्री’ नांवाची रीत निघाली. ती २०१४ मध्यें स्लर्ममध्यें दाखल झाली आणि २०१९ पासून वेगळें कांहीं न सांगतां हीच रीत लागू होते. हींत आधीं गटागटांची तुलना होते. जो गट आपल्या वाट्याच्या मानानें कमी वापर करणारा ठरेल, त्यांतील प्रत्येक मनुष्य दुसऱ्या गटांतील प्रत्येक मनुष्याच्या पुढें. मग त्या त्या गटाच्या आंत आपापसांतील तुलना. शेवटीं सर्व माणसें एका ओळींत उभीं राहतात, आणि ओळींतील क्रमांकावरून गुणांक मिळतो.

ही रीत जुन्या सूत्राहून सरस आहे, यांत संशय नाहीं. ती समजावयास सोपी आहे, आणि संयमी गटाला फळ देते. पण उधळ्या गटांतील निरपराध नवख्याचें दुःख तिनें कमी केलें नाहीं, उलट तें पक्कें केलें. आतां त्याला दुसऱ्या गटांतील सर्वांत खादाड मनुष्यहि पुढें गेलेला दिसतो. त्याची दाद नियोजकापाशीं लागणार नाहीं. ती त्यानें आपल्या गटाच्या प्रमुखाकडेच मागितली पाहिजे. आणि प्रमुखांनींहि हें ओळखलें पाहिजे कीं, गटाच्या वाट्याची गटांतील फोड करणें हें कारकुनी काम नव्हे. कोणाचा प्रबंध या सहामाहींत पुरा व्हावयाचा आहे आणि कोणाचें काम दोन महिने थांबलें तरी चालेल, हें त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

वहींत चढतें तें काय, हेंहि वापरणाऱ्यांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. स्लर्म मोजतो तो अडवून ठेवलेल्या सामग्रीचा काळ. तिच्यावर खरोखर गणित झालें कीं नाहीं, हें तो पाहत नाहीं. ज्यानें ४० कोअर मागून घेतले आणि ज्याची आज्ञावली एकाच कोअरवर चालली, त्याच्या नांवें चाळिसांचा हिशेब लागतो. गिरणीवरची चारहि जातीं अडवून एकावरच दळण्यासारखें हें झालें. वेळेच्या बाबतींत मात्र उलट आहे. काम सोपवितांना तें जास्तींत जास्त किती तास चालेल याचा अंदाज सांगावा लागतो. २४ तास सांगितले आणि काम ३ तासांत आटोपलें, तर वहींत तीनच तास चढतात. त्यामुळें पुष्कळ लोक सढळ हातानें मोठा अंदाज सांगून मोकळे होतात. पण तेथें त्यांचें दुसरीकडून नुकसान होतें.

तें कसें, हें समजण्यास १९९५ सालीं शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेंत निघालेली एक युक्ति सांगावी लागेल. रांगेच्या अग्रभागीं एक अवाढव्य काम उभें आहे. त्याला हवे तितके कोअर अजून मोकळे झालेले नाहींत, ते सहा तासांनीं होतील. तोंवर जे थोडे कोअर रिकामे आहेत त्यांनीं काय करावें? आर्गोनमधील नियोजकानें असें केलें कीं, त्या मोठ्या कामाच्या आरंभाला विलंब होणार नसेल, तर मागचें एखादें लहान काम त्या फटींत बसवून द्यावें. या युक्तीला ‘बॅकफिल’ म्हणतात. म्हणूनच अग्रक्रम अगदीं खालचा असूनहि एखादें दोन तासांचें काम झटकन् सुरू झालेलें दिसतें. मात्र त्याच्या धन्यानें तें दोन तासांचें आहे असें आधीं सांगितलेलें असलें पाहिजे. ज्यानें भीतीपोटीं २४ तास लिहिले, त्याचें काम या फटींत बसतच नाहीं. अग्रक्रम खालावलेल्या विद्यार्थ्याला हाच मार्ग सर्वांत जवळचा : मोठ्या कामाचे तुकडे पाडावेत, मध्येंमध्यें निकाल जतन करून ठेवावा, आणि प्रत्येक तुकड्याचा काळ प्रामाणिकपणें लिहावा.

अर्धायुकाल किती असावा, यावर एकमत नाहीं, आणि होण्याचें कारणहि नाहीं. तो फार तोकडा ठेवला, तर एखादा गट धडाक्यानें यंत्र बळकावतो आणि महिन्याभरांत धुतल्या तांदळासारखा होऊन पुन्हां उभा राहतो. फार लांब ठेवला, तर जूनमध्यें एकच मोठें गणित केलेल्या विद्यार्थ्याला सप्टेंबरपर्यंत त्याचें प्रायश्चित्त भोगावें लागतें. जेथें माणसें वर्षानुवर्षें तींच असतात आणि कामें महिनोगणती चालतात, अशा शिक्षणसंस्थांना ७ दिवसांची स्मृति तोकडीच पडते. दोन ते चार आठवड्यांची अधिक सोयीची वाटते. उलट, जें यंत्र मुळांत अतिविशाल गणितांसाठींच उभारलें आहे, तेथें न्यायाची व्याख्याच बदलते. टेनेसी राज्यांतील ओक रिज प्रयोगशाळेंत मोठ्या कामांना मुद्दाम झुकतें माप देतात. कारण लहान कामें अन्यत्रहि होऊं शकतात, तीं मोठीं मात्र तेथेंच होतात.

‘मग हें सारें सामान्य विद्यार्थ्यानें जाणावें तरी कसें?’ असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील. स्लर्ममध्यें ती सोय आहे. ‘एसशेअर’ ही आज्ञा दिली कीं, आपला आणि आपल्या गटाचा वाटा व वापर समोर येतो. ‘एसप्रायो’ म्हटलें कीं, रांगेंतील कामाला कोणत्या सदराखालीं किती गुण मिळाले, तें दिसतें. कांहीं ठिकाणीं दुसऱ्यांचे आंकडे झांकून ठेवण्याची पद्धत आहे. ती टाळतां येईल तर टाळावी. कारण कुरकुर बहुतेक वेळां कमी गुणांबद्दल नसते, ते कां कमी मिळाले हें न कळल्याबद्दल असते. वजनें बदलावयाचीं झाल्यास तीं केव्हां आणि कां बदललीं, हेंहि वापरणाऱ्यांना आधीं कळवावें. परिषदेची किंवा प्रबंधाची तारीख खरोखरच तोंडावर आली असेल, तर व्यवस्थापक कांहीं संगणक ठराविक दिवसांपुरते एखाद्याच्या नांवें राखूनहि ठेवूं शकतो. अशी मागणी दोनतीन आठवडे आधीं पोंचली, तर कोणाचें चालूं काम न मोडतां ती पुरी करतां येते. आणि त्या राखीव संगणकांवर झालेला वापर इतर वापराप्रमाणेंच त्याच्या गटाच्या वहींत चढतो.